भोगीचं तिसरं आदण

दादासोनं बोटाला थुंकी लावली आणि पान उलटलं.

“मामा, थुंकी नको की लावू!” दीप्ती ओरडलीच. “पाचच्या आत ऑफिसात द्यायचंय ते. डाग पडला तर परत प्रिंट मारायला लागंल.”

“व्हय व्हय, चुकलं,” म्हणत त्यानं बोट पायजम्याला पुसलं आणि कोरड्या बोटानं पुढचं पान धरायला गेला. पान काही सुटेना. तीस वर्षं गुळाच्या काहिलीच्या वाफेत शिजलेली बोटं ती. कातडी गुळगुळीत झालेली. कागद त्यांना दाद देत नसे.

शाहूपुरीतल्या गल्लीत जोतीरामचं बाइंडिंगचं दुकान म्हणजे एवढंसं खोपटं. दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहून बोलायचं. आत खळीचा वास, भिंतीला रेक्झिनचे गठ्ठे आणि मधोमध पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा. दीप्तीच्या प्रबंधाच्या पाच प्रती करायच्या होत्या. तीन तयार होत्या, मरून रंगाचा पुठ्ठा आणि वर सोनेरी अक्षरं. दोन अजून बिनपुठ्ठ्याच्या होत्या. त्यातली एक मामाच्या मांडीवर होती.

“तू येशील असं वाटलंच नव्हतं बघ,” ती म्हणाली. “आई म्हणत होती, सीझन हाय, मामा काहील सोडून कुठला यायचा!”

“आलो की,” दादासो म्हणाला. एवढंच म्हणाला.

काहील सुटून आठ दिवस झाले होते, हे त्यानं बहिणीला, मीनाबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं. आप्पासोंच्या गुऱ्हाळावर एकोणीस सीझन गुळव्या म्हणून उभा राहिलेला माणूस. रस कधी चढवायचा, मळी कधी काढायची, पाक कधी उतरवायचा, सगळं त्याच्या शब्दावर. मागल्या सोमवारी आप्पासोंनी त्याला बांधावरच थांबवलं. “दादासो, उद्यापासनं येऊ नगा.” कशापाय म्हणून विचारलं, तर म्हातारा नजर चुकवून म्हणाला, “तुमच्याच भाचीच्या बुकात हाय सगळं. कॉलेजात तिनं वाचून दाखवलं, तवा आमचा नातू जिनेश बसला होता तिथं. पावडर मारलीसा म्हणं.” मग थोड्या वेळानं, “मी कुठं बोलणार न्हाय. दसऱ्याला नवा सीझन लागला की दुसरीकडं बघा.”

गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काहिलीत मारतात ती पांढरी, गंधकाची पावडर. आप्पासोंचा गूळ तिच्याशिवायचा म्हणून नावाजलेला, खोक्यावर तसं छापलेलं. एकोणीस सीझनांत दादासोनं ती एकदाच मारली होती, यंदाच्या भोगीला, तिसऱ्या आदणाला, म्हणजे त्या दिवशीच्या रसाच्या तिसऱ्या काहिलीला. आणि ते एकाच माणसाजवळ, नाव कुठं येणार नाही असा शब्द घेऊन, बोलला होता.

ते माणूस आता ओढणी कमरेला खोचून त्याच्यासमोर पानांचे क्रमांक तपासत होतं. आप्पासोंचा शब्द खरा मानावा तर भाची हातची जाते, आणि भाचीचा मानावा तर आप्पासो आजवर खोटं बोलल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आठ दिवस हे डोक्यात घोळवून शेवटी तो सकाळच्या वडगाव-कोल्हापूर गाडीत बसला. म्हटलं, जे काय असंल ते आपल्या डोळ्यांनी बघू.

दीप्तीची डिग्री चार वर्षांची, ऑनर्सची. मुख्य विषय दोन, रसायनशास्त्र आणि समाजशास्त्र. असं कुणी घेत नाही, घेतलं तर दोन प्रबंध लिहायचे, असा रिवाज. पण ही पडली मीनाबाईची पोर. “गूळ एकच, मग प्रबंध दोन कशाला?” असं म्हणून तिनं दोन्ही विभागांचे उंबरे झिजवले आणि परवानगी काढलीच. एक प्रबंध, दोन मार्गदर्शक, दोन सह्या. कॉलेजात ही पहिलीच. चार महिने दर रविवारी ती बाटल्या आणि वही घेऊन गुऱ्हाळावर यायची. दादासोचा पोरगा नागसेन पुण्याला कंपनीत लागला, त्यानं बापाला गुळाचं कधी काही विचारलं नाही. हिनं विचारलं. कुणीतरी विचारतंय म्हटल्यावर माणूस बोलतच सुटतो, दादासोही सुटला होता.

“पूर्ण झालं की लायब्ररीत ठेवतात,” ती सांगत होती. “आणि इंटरनेटवर पण. जगात कुठनंही वाचता येतंय. थांब, तुला तुझंच पान काढून देते.” तिनं पानं फरफर उलटली. “हे बघ. हा तू.”

दादासोनं वाचलं, ‘गुळव्या क्र. ४.’

“नाव?”

“नाव न्हाय. तुला शब्द दिला होता न्हवं? समाजशास्त्राच्या मॅडमचा नियमच हाय, कुणाचंच नाव घालायचं न्हाय.”

तो वाचत गेला. सातवीपर्यंत शिकला होता, विहारातला पेपर रोज वाचायचा, पण आपलंच बोलणं छापलेलं वाचायची ही पहिलीच वेळ. ‘पयली अकरा वर्सं चुलवाणात जाळ घातला. माझ्या बाला काहिलीच्या कडंला उभं राहू देत न्हवते. आता माझ्या हातचा गूळ गाव देवापुढं ठेवतंय.’ हे आपण कधी बोललो, त्याला आठवेना. पण शब्द आपलेच होते, पोरीनं एकही इकडचा तिकडं केला नव्हता. बा असता तर त्यालाही हे पान वाचून दाखवलं असतं, असं वाटलं.

मग खाली चार ओळी. ‘भोगीच्या दिवशी आदण काळं पडलं. तवा पावडर मारली. मालकाला सांगितलं न्हाय. लाज वाटली.’

त्यानं पान वरपासून खालपर्यंत पुन्हा बघितलं. नाव नव्हतं. गाव नव्हतं. आठ दिवसांनी त्याला पोटभर श्वास घेता आला. चार नंबर काय, कुणीही असेल. पंचक्रोशीत गुळवे काय कमी आहेत? जिनेशनं अंधारात दगड मारला आणि तो बरोबर लागला. पोर शब्दाला जागली होती, आणि आपण तिच्यावर संशय घेऊन एसटीत बसलो! त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्या आनंदात तो पुढची पानं चाळू लागला.

पुढचा भाग रसायनाचा होता. काहिलीचं चित्र, तापमानाचे आकडे. एका ओळीवर तो थांबला आणि गालातल्या गालात हसला. ‘रसाला उकळी फुटल्यानंतर त्यात भेंडीचे पाणी घालतात.’

चुकलं की गं पोर! रानभेंडीचं बुळबुळीत पाणी घालायचं ते उकळी फुटायच्या आधी. रस कडंनं नुसता थरथरायला लागला, काळी मळी वर यायला लागली, की घालायचं. मग मळी सायीसारखी जमते आणि अल्लद निघते. एकदा उकळी फुटली की मळी रसात मोडते. मग भेंडी घाला न्हायतर अत्तर घाला. भोगीला नेमकं तेच झालं होतं. जाळ घालणाऱ्यानं चिपाड जास्त कोंबलं, भेंडी ठेचून व्हायच्या आत उकळी फुटली, आणि दादासोनं उशिरानं का होईना, पाणी ओतलं. आदण काळवंडलं ते त्यामुळंच. पोरीनं त्या दिवशी नीट उभं राहून बघितलं, लिहून घेतलं, आणि नेमकं चुकलेलंच लिहून घेतलं.

त्याचा वस्ताद म्हणायचा, सांगायचं नसलं तर खुशाल गप बस, पण हाताखालच्याला चुकीचं सांगू नगंस, हात झडतो. दादासोनं कधी सांगितलं नव्हतं. “दीपे, हे जरा बघ,” असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्याची नजर त्याच ओळीखालच्या तक्त्यावर गेली.

‘नमुना ११. पेठ वडगावच्या पलीकडे, ओढ्याकाठचे गुऱ्हाळ. १३ जानेवारी. तिसरे आदण.’ आणि पुढं ठळक अक्षरात गंधकाचा आकडा.

उघडलेलं तोंड तसंच मिटलं.

“दीपे.”

“हां?”

“ह्यो अकरा नंबर कुठला?”

ती हौसेनं वाकली. “तो? तो तर माझा हुकमी नमुना! सगळ्यात जास्त गंधक त्यातच सापडलं. सर म्हणाले, तुझा सगळा आलेख ह्या एकट्यावर उभा हाय.”

दादासोनं एक बोट तिथंच ठेवलं. दुसऱ्या हाताच्या बोटाला त्यानं थुंकी लावली आणि एकेक करत पानं मागं उलटली. दीप्तीचं थुंकीकडं लक्षच नव्हतं, त्याच्या चेहऱ्याकडं होतं. ‘भोगीच्या दिवशी’ या शब्दांवर त्यानं दुसरं बोट ठेवलं.

“तेरा जानेवारीला काय असतंय?”

दीप्तीनं हे बोट बघितलं, ते बोट बघितलं. त्या दिवशी तिनंच घरून बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी आणली होती. दोघं चिपाडाच्या ढिगावर बसून जेवले होते, आणि जेवतानाच तो ते बोलला होता. तिच्या तोंडावरचा रंग उतरत गेला.

“ओढ्याकाठी गुऱ्हाळं किती हायत?”

“एक.”

“आणि त्याला गुळवे?”

“तू एकटा.”

“ह्या दोन्ही बाजू कुणी वाचल्यात?”

“सरांनी त्यांचा भाग वाचला,” ती पुटपुटली. “मॅडमनी त्यांचा.”

“आणि सगळं बुक?”

दीप्ती खाली बघत होती.

“मी वाचलं,” दादासो म्हणाला. “आणि आप्पासोंच्या जिनेशनं ऐकलं. मागल्या सोमवारपासनं घरात बसून हाय मी.”

“मामा!” ती तिथंच खाली बसली. “आईशप्पत, मला कळलंच न्हाय रे. मी नाव कुठंच येऊ दिलं नव्हतं. मला वाटलं...” आणि रडायला लागली. लहानपणी पडल्यावर रडायची तशीच, तोंड उघडं टाकून. राग यायला हवा होता, पण त्याला तिची दयाच आली. मुद्दाम नव्हतं. अडाणी माणूस चुकला तर एका जागी चुकतो, शिकलेलं दोन जागी चुकलं एवढंच, असं त्यानं मनाला सांगितलं.

“गप. रडून काय हुतंय?” तो म्हणाला. “आप्पासो देवमाणूस हाय. बोलणार न्हाय म्हणालाय. दसऱ्याला दुसरं गुऱ्हाळ बघीन मी. पण ह्ये बुक जगात जायचं म्हणतीस. तेवढं ‘भोगीच्या दिवशी’ काढ. दोनच शब्द हायत.”

“काढते,” ती डोळे पुसत उठली. “आत्ताच्या आत्ता काढते.” आणि फोन घेऊन रस्त्यावर गेली.

जोतीराम इतका वेळ न ऐकल्यासारखं करत पुठ्ठ्याला खळ लावत होता. “च्या सांगू का पावणं?” त्यानं विचारलं.

“नगं.”

“आमच्याकडं रोज धा बुकं येत्यात,” जोतीराम म्हणाला. “वाचतंय कोण? मी पाठीवरचं नाव वाचतो, ते उलटं लागू नये म्हणून. तुमीच पयले बघा, इथं बसून वाचणारे.”

दादासो दारातून भाचीकडं बघत राहिला. ती एका कानाला बोट घालून बोलत होती, फेऱ्या मारत होती. एक फोन झाला, दुसरा झाला, परत पहिला. आत आली तेव्हा रडणं थांबलं होतं.

“सर म्हणतात, मॅडमना सांग, त्यांची ती ओळ काढू दे,” ती म्हणाली. “मॅडम म्हणतात, ती ओळ म्हणजे प्रकरणाचा जीव हाय, सरांना सांग, गुऱ्हाळाची खूण काढू दे. सर म्हणतात, ठिकाण न्हाय तर नमुना कसला.”

“मग?”

“मग काय. दोघं एक गोष्ट मात्र एकच बोलले. कॉम्प्युटरवर जी प्रत चढवलीय आणि जी छापलीय, ती अक्षर न अक्षर जुळायला पाहिजे. एक शब्द जरी बदलला तरी परत तपासणी, परत दोन्ही सह्या. उद्याची तोंडी परीक्षा रद्द. डायरेक्ट नोव्हेंबर.” ती त्याच्या शेजारी स्टुलावर बसली. “नोव्हेंबर म्हणजे वर्ष गेलं, मामा. एमएस्सीचा प्रवेश गेला.”

घड्याळात पावणेचार झाले होते. जोतीरामनं चौथी प्रत पुठ्ठ्यात बसवून बाजूला ठेवली आणि दादासोच्या मांडीवरच्या पाचवीकडं नुसतं बघितलं.

दीप्तीनं मामाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“एक बोलू? राग मानू नको. आप्पासोंना तर कळलंयच. तुझं काम तर गेलंच हाय. आता ते दोन शब्द काढले काय नि ठेवले काय...”

पुढचं तिनं हळूच, समजावल्यासारखं सांगितलं. कुणी वाचत नाही असली पुस्तकं. लायब्ररीत धूळ खात पडतात. आणि कुणी वाचलंच तर तेरा तारखेला भोगी होती हे कोण बघत बसतंय? एकदा तिला नोकरी लागू दे, मग ती मामाला चुलवाणाच्या धगीपुढं उभंच राहू देणार नाही. तीस वर्षं भाजून घेतलं, बास झालं की आता.

दादासो ऐकत होता. काम काढून घेताना आप्पासोंनी निदान नजर चुकवली होती. ही पोर डोळ्यांत डोळे घालून बोलत होती. मघाशी कळत नव्हतं तिला, आता सगळं कळत होतं. ज्या काहिलीपाशी पोचायला बापाचा जन्म गेला आणि आपली अकरा वर्षं गेली, तिला ही धग म्हणत होती. पान छापलं होतं की तिनं, शब्द न शब्द. छापलं, पण वाचलं तिनंही नव्हतं.

“व्हय,” तो म्हणाला. “गेलंच हाय.”

“रागावलास?”

“न्हाय.”

“खरं सांग.”

“न्हाय म्हटलं की.”

तिनं त्याच्या खांद्याला डोकं टेकवलं, सुटल्यासारखा श्वास सोडला. मग चटकन सरळ बसली. “मामा, आता आलायसच तर तेवढं एक सांग. उद्याचे बाहेरचे सर लई कडक हायत म्हणं. सगळं आयुष्य गुळात घातलंय त्यांनी. मागच्या बॅचची पोरं सांगतात, भेंडीवर आले की सोडतच न्हाईत, आणि तिथं चुकलं की पुढचं ऐकूनच घेत न्हाईत. छापलेलं आता बदलता येत न्हाय, पण तोंडी सांगताना दुरुस्त करता येतंय. हे एवढं वाच आणि सांग, बरोबर हाय का?”

तिनं पान काढून दिलं. बोट ठेवून ओळ दाखवली. ‘रसाला उकळी फुटल्यानंतर त्यात भेंडीचे पाणी घालतात.’

दादासोनं ओळ वाचली. कडंनं थरथरणारा रस त्याच्या डोळ्यांपुढं आला, वर येणारी काळी मळी आली, आणि हातात घमेलं धरून ‘आत्ता’ म्हणणारा वस्ताद आला. दीप्ती पेन उघडून बसली होती. तो सांगेल ते समासात लिहून घेणार होती, रविवारी चिपाडावर बसून घ्यायची तसंच. सांगायला किती लागलं असतं? दोनच शब्द. तो बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिला. इतका, की जोतीरामनं खळीचा ब्रश डब्यात ठेवला आणि मान वर केली.

“मामा?”

“बरोबर हाय,” दादासो म्हणाला.

“नक्की?”

“मी सांगतोय न्हवं.”

तिनं हसून पेन मिटलं, त्याच्या मांडीवरची प्रत उचलली आणि जोतीरामकडं दिली. जोतीरामनं पानं ठोकून सारखी केली, पाठीला खळ लावली, पुठ्ठा बसवला आणि पाचवी प्रत शिकंज्यात सरकवून चाक फिरवायला घेतलं.

“पेढे घेऊन येते उद्या वडगावला,” दीप्ती म्हणाली. “तू घरीच असशील न्हवं?”

“घरीच,” दादासो म्हणाला. त्यानं दोन्ही हात पायजम्याला पुसले, पिशवी काखेला मारली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला.